ऊन फुकट, रात्र विकत

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नरडाण्याच्या फाट्यावर उभं राहून विचारा, की या भागात सगळ्यात स्वस्त काय मिळतं. उत्तर देण्याइतपत शुद्धीवर असलेला माणूस सापडलाच, तर तो नुसतं बोट वर करील. पारा ४४ च्या पुढे गेला की खान्देशात हवामानाविषयी बोलणं बंद होतं. जो तो आपापल्या रुमालात शिरतो.

हे ऊन वाया जातं, असंही म्हणता येत नाही. याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पूर्वेला भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र धूर सोडतं. म्हणजे चहूबाजूंनी वीज पिकते आणि मधोमध नरडाणा आहे. तरीही वळवाचा पहिला वारा सुटला की गल्लीतून एकच प्रश्न फिरतो, "लाईट उनी का?" आणि उत्तर, "नही उनी." म्हणजे नाही आली.

या गावच्या एका आप्पांनी गेल्या उन्हाळ्यात जाहीर केलं, की आपण तार तोडणार.

आप्पा हे प्रस्तुत लेखकाच्या मावशीचे यजमान. एस.टी.त कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेबाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची कुणाची छाती नाही. २००५ नंतरची सात-आठ वर्षं लोडशेडिंगनं खेडोपाडी दिवसाचे निम्मे तास अंधारात घातले, तेव्हाही ते शांत होते. त्यांना संताप आला तो अंधाराचा नाही, बिलाचा. महिन्याला साधारण १८० युनिट, बिल अठराशेच्या घरात. बिलातला वहन आकार त्यांना पटत होता. वीज लांबून गाडीत बसून आली, तर तिनं तिकीट काढायलाच हवं. वर १६ टक्के वीज शुल्क, तेही सरकारी आहे म्हणून सोडून दिलं. स्थिर आकार मात्र घशाखाली उतरेना. "प्रवासी गाडीत बसलाच नाही, तरी तिकीट फाडायचं? असं मी केलं असतं तर पहिल्याच महिन्यात निलंबित झालो असतो."

धुळ्याहून एक सोलरवाला पोरगा आला. या धंद्यातली पोरं येतात ती बहुधा माप घ्यायला नाही, सह्या घ्यायला. हा मात्र भला निघाला. त्यानं आधी वही मागितली आणि घरातली उपकरणं लिहून काढली. फ्रिज, तीन पंखे, कुलर, दिवे, टीव्ही, मिक्सर, बोअरची एक हॉर्सपॉवरची मोटर. दिवसाला सहा युनिट. पुढचं गणित आप्पांनी तोंडी केलं: एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे दीड किलोवॅटमध्ये काम झालं. फार तर दोन घेऊ.

"आप्पा, ते दिवसाचं झालं," पोरगा म्हणाला. "रात्रीचं काय?"

इथून गाडी घाटाला लागली.

तार तोडलेल्या घराला रात्रीची वीज दिवसा साठवून ठेवावी लागते. नुसती एका रात्रीची नाही, ढगाळ दिवसांचीही. पोळ्याच्या सुमारास झड लागली की दोन-दोन दिवस सूर्यनारायण हजेरीपटावर नसतात. दोन दिवसांची सोय म्हणजे १२ युनिट. शिसं आणि आम्लाची साधी बॅटरी तळापर्यंत उपसली की लवकर मरते, म्हणून तिच्यातली निम्मीच वीज वापरायची. तेव्हा साठा २४ युनिटचा हवा. इन्व्हर्टरला लावतात ती १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, तिच्यात मावतं १.८ युनिट. २४ भागिले १.८, म्हणजे चौदा बॅटऱ्या. पण यंत्रणा ४८ व्होल्टची, बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे त्या चार-चारच्या गटानंच बसतात. म्हणून सोळा.

"चौदा प्रवासी आणि सोळा तिकिटं," आप्पांनी नोंद घेतली.

एका बॅटरीची किंमत पंधरा हजार धरली तरी सोळांचे झाले दोन लाख चाळीस हजार. प्रत्येकीचं वजन पाणी-आम्लासकट पंचावन्न किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास नऊ क्विंटल. एवढा कापूस घरात पडला तर त्याचे पैसे येतात. हे नऊ क्विंटल घरात आणून, हवेशीर खोलीत मांडून, वर दर दोन-तीन महिन्यांनी त्यांना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं. ज्या शिंदखेडा तालुक्यात माणसांच्या टँकरचा हिशेब दर उन्हाळ्यात होतो, तिथे बॅटरीसाठी पाणी बाटलीबंद, शुद्ध आणि विकतचं. पावसाळ्यात कमी ऊन मिळणार म्हणून पॅनल दोनऐवजी चार किलोवॅटचं. बोअरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून इन्व्हर्टरही दांडगा. पॅनलचे, इन्व्हर्टरचे, स्टँडचे, वायरिंगचे मिळून आणखी दोन लाख. एकूण साडेचार लाखांच्या आसपास.

आप्पा इतक्यानंही डगमगले नाहीत. एकदाच तर द्यायचे आहेत, असं म्हणाले. तेव्हा पोरानं शेवटचा आकडा सांगितला: ही बॅटरी चांगली सांभाळली तर पाच वर्षं. दोन लाख चाळीस हजार भागिले पाच, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांची बॅटरी झिजणार. वीज कंपनीचं वर्षाचं बिल साडेएकवीस हजार. म्हणजे नुसत्या झिजेचा खर्च बिलाच्या दुपटीहून जास्त, पॅनलचा एक पैसाही न धरता. ऊन खरोखर फुकट आहे. पैसे पडतात ते ऊन नसण्याचे.

त्यातही पाच वर्षं ही थंड हवेची गोष्ट. बॅटरी साधारण २५ अंशांवर सुखी असते आणि दर दहा अंश वाढीमागे तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. नरडाण्याच्या मे महिन्यात तिचं काय होत असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पॅनलचंही तसंच. रखरखीत ऊन म्हणजे जास्त वीज, ही खान्देशाची लाडकी समजूत. प्रत्यक्षात पॅनलची पाटीवर लिहिलेली ताकद २५ अंशांवर मोजलेली असते आणि पुढे प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्का गळते. स्लॅबवरचं पॅनल दुपारी ६५ अंशांपर्यंत तापलं, की शंभरातले तेरा-चौदा वॅट जागच्या जागी गडप. पॅनलला प्रकाश हवा, ताप नको. आपल्याकडे दोन्ही जोडीनंच येतात आणि त्यांना वेगळं करायची सोय नाही.

लिथियम बॅटरीचं काय, असं वाचक विचारील. आप्पांनीही विचारलं. ती हलकी, तिच्यातली नव्वद टक्के वीज वापरता येते, पाणी पाजावं लागत नाही, दहा वर्षं टिकते आणि एवढ्या साठ्याला दोन-अडीच लाख घेते. वर्षाला वीस-पंचवीस हजार पडले. म्हणजे वीज कंपनीला जेवढे द्यायचे तेवढेच बॅटरीवाल्याला; फक्त दहा वर्षांचे एकदम, आगाऊ आणि रोख.

पैशाचा मुद्दा असा अडकलेला असताना मावशी गच्चीवरून खाली आल्या. चार किलोवॅटला चारशे चौरस फूट गच्ची लागते, एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. आता खान्देशात गच्ची ही काही मोकळी जागा नसते. चैत्र-वैशाखात तिथे धुतलेल्या साड्या अंथरून त्यांवर कुरडया, पापड आणि ज्वारीचे बिबडे वाळतात. आणि ते उचलले की रात्री त्याच जागेवर गाद्या पडतात. मावशींचा कारखाना बिनतारी, बिनबॅटरीचा, पिढ्यान्‌पिढ्या शंभर टक्के सौर. त्याला कुणी अनुदान दिलं नाही, पण वर्षभराचं तळण त्याच्यावर निघतं. "पॅनलवर बिबडे वाळतील का?" त्यांनी पोराला थेट विचारलं. पोरानं त्यांना उत्तर दिलं नाही. वही मिटली आणि सरकारी योजनेचा कागद काढला.

कागद चांगला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली 'पीएम सूर्यघर' योजना: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान. दोन किलोवॅटचा खर्च एक लाख तीस हजार धरला तर खिशातून सत्तर. दिवसा वीज तारेत ढकलायची, रात्री तारेतून परत घ्यायची, नेट मीटरनं वजाबाकी करायची. आप्पांचं बिल जवळजवळ स्थिर आकारावर येणार आणि तीन-चार वर्षांत पैसे वसूल होणार. अट एकच, तार हवी. तार तोडणाऱ्याला या योजनेत दमडी नाही. आणि जो स्थिर आकार आप्पांना सलत होता तो खरं तर रात्रभराच्या साठवणुकीचं भाडं ठरत होता: महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत, नऊ क्विंटल बॅटऱ्यांऐवजी.

आप्पा पाघळले होते. पण नियतीनं त्याच आठवड्यात त्यांना शेजारच्या गल्लीतलं एक घर दाखवलं. छपरावर नवं कोरं पॅनल, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि घरमालक ओट्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. लाईट गेलेली होती. तारेला जोडलेलं पॅनल तारेतली वीज गेली की स्वतःही बंद पडतं. तसंच चालू राहिलं तर त्याची वीज तारेत उलटी शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. कारण अगदी रास्त आहे. पण ते पुठ्ठ्यानं वारा घेणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची वेळ दुपारची असू नये.

खरोखर तारेविना राहणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, नाही असं नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली 'ग्रामऊर्जा'नं जेमतेम दहा किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. चाळीसेक घरांची वाडी त्यावर उजळली. गावाचा न्यास घरटी पैसे गोळा करून देखभालीसाठी आणि पुढच्या बॅटऱ्यांसाठी बाजूला टाकू लागला. तिथे तार पोचलेलीच नव्हती, त्यामुळे तोडण्याचा अभिमान कुणाला बाळगायचा नव्हता. उलटी गोष्ट बिहारच्या धरनईची. ग्रीनपीसनं २०१४ मध्ये तिथे शंभर किलोवॅटचा सौर प्रकल्प थाटात सुरू केला, आणि माजी मुख्यमंत्री गावात आले तेव्हा लोकांनी मागणी केली ती 'असली बिजली'ची. सौर विजेवर फ्रिज चालत नव्हता. पुढे तार आली, प्रकल्प बंद पडला आणि त्याच्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. गुजरातेत मोढेरा हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं चोवीस तास सौर गाव ठरलं, तिथे ऐंशी कोटींहून जास्त खर्च झाला, पंधरा मेगावॅट-अवरची बॅटरी बसली, आणि तार आहे तिथेच आहे.

गंमत अशी, की आप्पा स्वतः एका ठिकाणी तारमुक्त होतेच. शेतावर. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के भरून त्यांनी पाच हॉर्सपॉवरचा पंप घेतला होता, जवळपास पाच किलोवॅटची पॅनलं, ना बिल, ना बॅटरी. तिथे हिशेब जमतो, कारण कपाशीला रात्री नऊ वाजता टीव्ही बघायचा नसतो. ऊन असेल तेव्हा पाणी उपसायचं; साठवायचंच झालं तर शेततळ्यात. शिवाय रात्री बारा वाजता थ्री फेज येते म्हणून बॅटरी हातात घेऊन बांधावर जाणं, साप-विंचवांशी ओळख वाढवणं, हे सगळं संपलं. या देशात तार तोडण्याचा परवडणारा प्रकार आजघडीला हाच असावा, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. पण चार महिने पावसाळा आणि पुढे पीक काढणीला आलं की पंप बसून. पाच किलोवॅटची पॅनलं रिकामी ऊन खात पडलेली असतात.

हे आप्पांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, पण शिरलं ते कायमचं. त्यांनी सोलरवाल्याला पुन्हा बोलावलं.

"शेतातली वीज घरी आणली तर?"

पोरानं सांगितलं, की योजनेत ही वीज शेतातल्या पंपासाठी दिलेली आहे, घरासाठी नाही. वर ती डीसी, घरातली उपकरणं एसी. शिवाय शेत दोन किलोमीटर लांब; एवढ्या अंतरात वीज वाटेतच दमेल. मध्ये नाला, कुणाकुणाचे बांध, किमान चाळीस खांब.

आप्पांनी तोपर्यंत मागच्या महिन्याच्या बिलाची मागची बाजू काढून आकडेमोड सुरू केली होती. "खांब चाळीस. तार दोन हजार मीटर. मीटरचा भाव काय आहे सध्या?"

"आप्पा, तुम्हाला तर तार तोडायची होती ना?" पोरगा काकुळतीला आला.

"तोडायचीच आहे. ती त्यांची तार. ही आपली." आणि त्यांनी खाली रेघ मारून, हातचा एक धरून, बेरजेला सुरुवात केली.