जगबुडी, किरकोळ वापरासाठी

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याच्या बोलण्यात जग आठवड्यातून एकदा तरी बुडतं. बर्फ पडणार म्हणून दुकानातलं दूध संपलं, की ते 'अपोकॅलिप्टिक'. सप्टेंबर २०२० मध्ये वणव्याच्या धुरानं सॅन फ्रान्सिस्कोत भर दिवसा आकाश नारिंगी झालं, तेव्हा पेपरवाल्यांनी हाच शब्द वापरला. ते मी समजू शकतो. पण दूध?

बरं, या विशेषणात मुळात जगबुडी नाहीच. ते ज्यावरून आलं त्या 'अपोकॅलिप्स'चा ग्रीकमध्ये अर्थ एवढाच, की झाकलेलं उघडं करणं. बायबलातलं शेवटचं पुस्तक याच नावाचं, मराठीत त्याला 'प्रकटीकरण' म्हणतात. पॅटमॉस बेटावर योहानाला जे दर्शन झालं, त्यात चार घोडेस्वार, सात डोक्यांचा पशू, भूकंप असा ऐवज निघाला. कुकरचं झाकण काढावं, वाफ तोंडावर यावी आणि लोकांनी पुढं वाफेलाच झाकण म्हणावं, तसं झालं. गंमत म्हणजे युकॅलिप्टस हा त्याच धातूचा भाऊबंद. त्याच्या कळीवर टोपी असते, म्हणून तो 'नीट झाकलेला'. सर्दीत आपण निलगिरी हुंगतो ती प्रलयाची चुलतबहीण.

याच 'प्रकटीकरणा'तल्या आर्मगेडन या अंतिम रणभूमीवरून लॉस एंजेलिसकरांनी २०११ च्या जुलैतल्या एका प्रसंगाला 'कारमगेडन' म्हटलं. एका पुलाच्या पाडकामासाठी ४०५ क्रमांकाचा महामार्ग शनिवार-रविवार बंद राहणार होता. महिनाभर आधीपासून घबराट. प्रत्यक्षात लोक घाबरून घरीच बसले, रस्ते ओस पडले आणि काम वेळेआधी उरकलं. एका विमान कंपनीनं बरबँक ते लाँग बीच अशी खास उड्डाणं ठेवली होती, तर सायकलवाल्यांनी त्या विमानाशी शर्यत लावली आणि जिंकली. विमानतळावर लवकर पोचायचं असतं ना! मला विचाराल तर खरं प्रकटीकरण हेच.

तरी इंग्रजीतल्या अतिशयोक्तीला हसायचा अधिकार आपल्याला नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षं सरली, की सृष्टीचा लय होतो. तो कल्पांत. एवढा अवाढव्य शब्द आपण कुठं वापरतो? फुगा फुटला म्हणून पोरानं कल्पांत मांडला, असं कुठलीही आजी सहज सांगते. फुग्यासाठी अपोकॅलिप्स मांडणारं पोर इंग्रजीत अजून जन्माला यायचंय.