पहिल्या तारखेचे किल्लेदार

अमेरिकेतल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांत एक किल्लेदार काका सापडतातच. जन्म सदाशिव पेठेतला नाहीतर डोंबिवलीचा, नोकरीतून निवृत्त, गुडघे नाजूक, आणि तोंडी मात्र अजून कॉलेजातला सह्याद्री. एरवी वर्षभर जिना टाळणारे हे गृहस्थ एक जानेवारीला उजाडायच्या आत तयार होऊन बसतात.

निमित्त सरकारी असतं. १९९२ साली बॉस्टनच्या दक्षिणेला, मिल्टनच्या ब्लू हिल्स जंगलात, नववर्षाच्या पहिल्या दिवशी लोकांना जमवून डोंगरावर न्यायचा प्रघात पडला. २०१२ पासून तो पन्नासही राज्यांतल्या उद्यानांत पोचला. सोबतीला माहितगार रेंजर. काका अर्थात वाटाड्या मिळावा म्हणून जात नाहीत, वाटाड्याला वाट दाखवायला जातात.

अंगात थर्मल, त्यावर लेकाचं जुनं जाकीट, वर माकडटोपी. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लोखंडी दातांच्या पट्ट्या चढवा, असं रेंजरबाई सांगते. काका हसतात. ‘आम्ही हरिश्चंद्रगड हवाई चपलांवर केलाय!’ (हा हरिश्चंद्रगड दर वर्षी थोडा उंच होतो आणि चपला थोड्या झिजतात.) पहिल्याच उतारावर काकू काही न बोलता पिशवीतून पट्ट्या काढतात, काकाही काही न बोलता पाय पुढे करतात. चाळीस वर्षांचा संसार असा चालतो.

बॉस्टनकडच्या काकांच्या वाट्याला त्याच ब्लू हिल्समधला ग्रेट ब्लू हिल येतो; उंची ६३५ फूट. हे ऐकलं की काकांना कुणी हिणवल्यासारखं होतं.

‘याला डोंगर म्हणायचं? आमचा सिंहगड ४,३०० फूट!’

‘त्यातले १,८०० फूट पुण्यात गादीवर लोळतानाच चढून झालेले असतात,’ काकू म्हणतात. ‘इथं समुद्र शेजारीच आहे. चला.’

माथ्यावर १८८५ पासून हवामानाच्या नोंदी ठेवणारी वेधशाळा आहे. रेंजरबाई ही तारीख जरा अभिमानानं सांगते आणि तिथंच फसते. ‘आमचं हवामान खातं १८७५चं,’ काका सुरू होतात. मग त्या खात्याची कचेरी १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला कशी आली, रिक्षावाले अजून त्या चौकाला सिमला ऑफिस का म्हणतात, हे सगळं गोठणबिंदूखाली, नाकाच्या शेंड्याला लाली चढेपर्यंत. लहान मुलं, दोन कुत्री आणि रेंजरबाई मुकाट ऐकतात. माझा आपला संशय असा, की काकांना दम खायचा असतो. पण इतिहास सांगायला थांबलेल्या माणसाला कुणी दमला म्हणत नाही.

खरी बहार येते ती इलियट टॉवरपाशी. दगडी बांधकाम दिसलं की काकांमधला गडकरी जागा होतो. चौथऱ्याला प्रदक्षिणा घालतात, दगडावर टकटक करतात आणि निकाल देतात, ‘टाकं नाही, तट नाही, चोरदिंडी नाही. तीन दिवसांत पडेल.’ वर चढून बॉस्टनच्या उंच इमारती दिसल्या की रसद नेमकी कुठं तोडायची तेही बोटानं दाखवतात. मग छाती भरून महाराजांच्या नावाची ललकारी! आजूबाजूचे अमेरिकन खूश होऊन ‘हॅपी न्यू इयर’ म्हणतात.

एकच दुःख. गडावर पिठलं-भाकरी नाही, मडक्यातलं दही नाही. कुणीतरी प्रेमानं ओटचा गोड तुकडा पुढे करतं. काका तो उलटसुलट करून पाहतात, कबुतरांची चौकशी करतात आणि काकूंच्या डब्यातल्या थालीपिठाकडे वळतात. रेंजरबाईलाही अर्धं मिळतं. तिखटानं तिचे डोळे भरून येतात. काका ते कृतज्ञतेचं पाणी समजतात.

उतरताना काका मागे पडू लागतात. रेंजरबाई मुरलेली असते. ‘सर, तुम्ही अनुभवी. सगळ्यांच्या मागं राहून कुणी चुकत तर नाही ना, एवढं पाहाल?’ काका ताठ होतात. काकूंच्या खांद्यावर हात टेकून ही कामगिरी ते अर्धा तास उशिरा पण चोख पार पाडतात.

गाडीत बसल्याबरोबर कोथरूडला भावाला फोन. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले.

‘झोपलास? ऊठ! आज अख्खी पलटण माझ्या नजरेखाली उतरली. एकही माणूस माझ्या मागं राहू दिला नाही!’