खारींचे काका

बंगळुरूच्या बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत, बिल्डरच्या तावडीतून सुटलेली काही बैठी घरं अजून उभी आहेत. पुढे दोन हात बाग, मागे परसात चिक्कू, पेरू आणि एखादा नारळ. अशा एखाद्या घरात हमखास एक मराठी काका सापडतात. मूळचे सोलापूरचे नाहीतर बेळगावचे. एचएमटी, बीईएल किंवा एचएएलमध्ये हयात घालवून इथेच निवृत्त झालेले. कन्नड भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं येतं. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यामुळे आपण परगावी राहतो असं त्यांना कधी वाटतच नाही.

या काकांना खारी असतात.

असतात म्हणजे पाळलेल्या नसतात. हा मुद्दा काका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखा मांडतात : "पाळल्या नाहीत हो. येतात." आता रोज सकाळी मनगटावरच्या एचएमटीत सात वाजलेले बघून मागच्या ओट्यावर स्टीलची ताटली मांडायची, तीत मूठभर शेंगदाणे, पपईची फोड आणि कालच्या पोळीचे तुकडे ठेवायचे, वर जिभेनं च्‌-च्‌ करायचं, तर येणार नाहीत तर काय करतील?

सुरुवात एकीपासून होते. दक्षिणेतली ही तीन पट्ट्यांची खार पाचेक आठवड्यांत दोन-तीन पिल्लांची आई होते आणि पिल्लं वर्षाच्या आत आपापल्या संसाराला लागतात. हा हिशेब काकांना येत नाही असं नाही, सगळी नोकरी प्रॉडक्शनमध्येच गेली. पण कुणी काढलाच तर म्हणतात, "निसर्ग बघून घेईल." बसवनगुडीत निसर्ग म्हणजे वर फिरणाऱ्या घारी आणि समोरच्यांचं मांजर. ते मांजर कुंपणावर दिसलं, की निसर्गाच्या मागे काठी घेऊन धावणारे पहिले काकाच.

शेंगदाण्यांच्या बाबतीत त्यांनी घर अगदी मोक्याच्या जागी घेतलंय. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिशे भरते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांचे ढीग लागतात. कथा अशी सांगतात, की एक बैल इथल्या शेतकऱ्यांचा भुईमूग फस्त करायचा. शेवटी त्यांनी त्याचं देऊळ बांधलं आणि पहिलं पीक त्यालाच वाहायला लागले. काका ही कथा शेजाऱ्यांना फार रंगवून ऐकवतात. तिचं तात्पर्य शेजाऱ्यांच्या बरोबर लक्षात येतं, म्हणून ती त्यांना आवडत नाही. परिशेतून काका पोतं आणतात. एरवीच्या महिन्यांत वाण्याच्या यादीत काकू 'खा. वा. दोन किलो' असं लिहितात. म्हणजे खारीचा वाटा. चटणीसाठी अर्धा किलो वेगळा.

खारींनी आपल्या परीनं वाटणी केलेली असते. जेवण काकांकडे, बाकी सगळं शेजाऱ्यांकडे. उजवीकडे राहणाऱ्या अज्जींच्या गच्चीवर सोलर हीटर आहे. त्याच्या पाइपवरचं काळं फोमचं आवरण हल्ली नुसतं आठवणीपुरतं उरलंय. दारातलं काथ्याचं पायपुसणं एका कोपऱ्यातून रोज थोडं कमी होतं. डावीकडच्या आयटीतल्या मुलाच्या इंटरनेटच्या केबलला दात लागले, तेव्हा तो अमेरिकेतल्या साहेबाला सगळं वेळेवर होईल असं सांगत होता. त्याच्या एसीमागचं घरटं मी जवळून पाहिलंय. बाहेरून अज्जींचा काथ्या आणि मॉपचे दोरे, आत सोफ्यातला कापूस, आणि त्या कापसात नीट गोल फिरवून बसवलेला सत्यनारायणाच्या पूजेतला लाल दोरा. सगळी गल्ली त्या घरट्यात एकोप्यानं नांदत होती. एरवी ते कठीण आहे. दुपारी मांजराच्या वासावर एक खार शेपटी उडवत चिप-चिप-चिप सुरू करते, ती अर्धा अर्धा तास थांबत नाही. अज्जींची झोप मोडते आणि त्या कुंपणाशी येतात.

"निम्म अळिलु, नोडि!" म्हणजे, तुमची खार, बघा!

"नम्मदल्ल अज्जी," काका हात जोडतात, "रामन अळिलु." आमची नाही, रामाची खार.

रामानं सेतूच्या वेळी पाठीवरून बोटं फिरवली ती हीच, हे पुढे हातवारे करून. रामाचं नाव निघालं, की अज्जींना काही बोलता येत नाही. आयटीवाल्याला येईल, पण नेमका तेव्हाच त्याचा कॉल असतो.

काकांची खरी हातोटी इथे आहे. खारींचा बंदोबस्त त्यांनी कधी केला नाही. त्यांनी शेजाऱ्यांचा केला. सणावारी अज्जींकडे पुरणपोळी जाते. अज्जी तिला होळिगे म्हणतात आणि तुपाला नाव ठेवत नाहीत. केबल तुटली, की येणाऱ्या रविवारी आयटीवाल्याला विद्यार्थी भवनात मसाला डोसा. 1943 पासून चालू असलेल्या त्या हॉटेलाबाहेरच्या गर्दीत काका पहाटे स्वतः जाऊन नंबर लावतात. चांगले चिक्कू शेजारी, खारींनी उष्टावलेले घरी. त्यातूनही कुणी कुरकुरलंच, तर बंगळुरूचा रामबाण ठेवलेलाच आहे : "स्वल्प ॲडजस्ट माडि."

पिंजऱ्यात धरून लालबागेत सोडा, असं सुचवणारे भेटतात. लालबाग जवळच आहे, पण तिथे खारींची टंचाई कुठे आहे? शिवाय इथली ताटली मांडलेली राहिली, तर रिकाम्या जागेवर मागच्या गल्लीतल्या खारी दोन दिवसांत हजर होतील. अशा काकांचा मुलगा बहुधा परदेशात असतो. तो पर्थला असला, तर फोनवर सांगतो, की 1898 मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयातून आपल्याकडच्या पाच पट्ट्यांच्या खारी निसटल्या, शहरात पसरल्या आणि सरकारी लोक त्यांना उपद्रवी म्हणून पकडत असतात. यातून काकांनी घ्यायचा बोध वेगळा होता. ते अभिमानानं म्हणतात, "बघ, आपली माणसं कुठेही गेली तरी जम बसवतात."

मग प्रश्न सुटतो कसा? तर काकू सोडवतात. इलेक्ट्रिशियन बोलावून तिन्ही घरांच्या केबली पीव्हीसीच्या पाइपात घालून घेतात. अज्जींच्या गच्चीला टेकणारी चिक्कूची फांदी छाटतात, नारळाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकतात, पेरूंना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधतात. एसीमागच्या फटीला जाळी लागते, पण आत पिल्लं नाहीत याची खात्री करून आणि असली तर ती बाहेर पडेपर्यंत थांबून. मुख्य म्हणजे शेंगदाण्याच्या डब्याची किल्ली कमरेला जाते. मूठभराचे चिमूटभर होतात, पोळी बंद होते आणि निम्म्या खारी पावसाळ्याच्या आत दुसरं घर बघतात. कृष्ण राव पार्कातल्या सकाळच्या मंडळींना काका सांगतात, "फार झाल्या होत्या. शेवटी मीच लक्ष घातलं."

तुमच्या शेजारी असे काका राहायला आले, तर कुंपणाशी उभं राहून त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पुरणपोळी खा, ताट विसळून परत द्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरा आणि काकूंना गाठा.