‘काही करत नाही तो!’ : रॉटवायलर पाळू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रिंगरोडलगतच्या जमिनीचे पैसे आले, गाडी उंच आणि काळी घेतली, गळ्यातली साखळीही बऱ्यापैकी जाड झाली. आता राहिलं काय, तर कुत्रा. किंवा जमीन नाही, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, आयटीत नोकरी आहे, पार्किंगवरून चेअरमनशी वाजलेलं आहे आणि सोसायटीत आपल्याला कोणी मोजत नाही अशी मनात सल आहे. या दोन्ही सद्गृहस्थांचं बोट मोबाईलवर सरकत सरकत शेवटी एकाच फोटोवर येऊन थांबतं. काळाकुळकुळीत रंग, भुवयांवर दोन तांबूस ठिपके, डोकं कलिंगडाएवढं. रॉटवायलर.

प्रस्तुत मार्गदर्शन अशा इच्छुकांसाठी आहे. मालकाने कुत्रा कसा निवडावा याची माहिती पैशाला पासरी मिळते. कुत्र्याने मालक कसा निवडावा, याकडे मात्र आजवर कोणी गांभीर्याने पाहिलेलं नाही. तो बिचारा वाचू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने तुमचीच तपासणी इथे उरकून घेऊ.

आधी कारण बघू. ‘घराची राखण’ हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. गेटवर वॉचमन, लिफ्टमध्ये कॅमेरा, दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आणि दूधवाल्यासाठीसुद्धा परवानगी मागणारं मोबाईल ॲप, एवढं सगळं पार करून जो चोर पाचव्या मजल्यावर पोचला तो गुणी माणूस आहे. त्याला सोसायटीने सेक्रेटरी करावं. तेव्हा खरं बोला. कुत्रा चोरासाठी नकोय, चेअरमनसाठी हवाय. आपण खाली उतरलो की बाकावरच्या गप्पा थांबाव्यात, आयांनी मुलं जवळ ओढून घ्यावीत, एवढीच माफक इच्छा आहे. हे कागदावर लिहा, बायकोला वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा. ही तपासणीची पहिली फेरी. निम्मे इच्छुक इथेच गळतात.

उरलेल्यांनी थोडा इतिहास ऐकून घ्यावा. नैर्ऋत्य जर्मनीत रॉटवाइल नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या खाटकांची ही कुत्री. गुरं बाजारापर्यंत हाकत न्यायची, मांसाचा गाडा ओढायचा, आणि परत येताना पैशाची थैली कुत्र्याच्याच गळ्यात बांधत असंही सांगतात. मग रेल्वे आली, गुरं डब्यातून जाऊ लागली आणि कुत्र्यांची नोकरी गेली. जात संपायला आली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी कामावर घेतलं म्हणून वाचली. आंतरराष्ट्रीय मानकानुसार नर खांद्यापाशी ६१ ते ६८ सेंटिमीटर उंच आणि सुमारे ५० किलो वजनाचा. आणि स्वभाव? त्याच मानकात लिहिलंय की मुळात शांत, लहान मुलांची आवड असलेला, आज्ञेत राहणारा, कामसू आणि घट्ट मनाचा. असं स्थळ वधू-वर सूचक मंडळात शोधून सापडत नाही.

मग बिघडतं कुठे? पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला.

राखणीच्या कुत्र्याची एक खोड लक्षात ठेवा. तो हुकमाची वाट बघत बसत नाही. शंभर गुरांच्या कळपात कुठलं जनावर कधी वळवायचं, हे खाटकाला विचारून चालायचं नाही. ते त्यालाच ठरवावं लागायचं. ती सवय रक्तात आहे. आता तो तुमच्या हॉलमध्ये पंख्याखाली पडून, एक डोळा मिटून, नोंदी घेत असतो. कुरियरवाल्यावर तुम्ही कसे खेकसलात, सासूबाईंचा फोन आल्यावर तुमचा आवाज कितीने चढला, वरच्या मजल्यावरच्या कुळकर्ण्यांचं नाव निघालं की कपाळावर किती आठ्या पडल्या. सगळ्याचा हिशेब मांडून मग तो एक दिवस निर्णय घेतो. तुम्ही तोंडाने जे केलं नसतं, ते तो दातांनी करून मोकळा होतो.

म्हणून तापट माणसाने रॉटवायलर घेऊ नये हे सगळेच सांगतात. पण त्याहून अवघड गिऱ्हाईक म्हणजे भित्रा माणूस. समोरून कोणी आलं की याची मूठ आपोआप आवळते. पट्टा ताणला जातो, कुत्र्याचा गळा वर खेचला जातो, छाती पुढे येते, आणि त्याला कळतं ते इतकंच की समोरचा माणूस दिसला की गळा आवळतो. म्हणजे समोरचा माणूस वाईट. असं रोज सकाळ-संध्याकाळ चाललं की दिवाळीपर्यंत कुत्र्याला गल्लीतली सगळी माणसं वाईट वाटू लागतात, आणि मालक सांगत फिरतो, ‘याची नजर बघा, याला माणसाची बरोबर पारख आहे.’ पारख तुमची आहे, साहेब. हातातून गेलेली.

तिसरा प्रकार लाडोबांचा. यांच्याकडे कुत्रा सोफ्यावर, कुत्रा पलंगावर, कुत्रा ताटाशी. पिल्लू असताना गुरगुरलं की ‘बघा कसा रागावतो शोनुल्या!’ म्हणून व्हिडिओ काढायचा. वर्षाने सोफा त्याच्या नावावर होतो आणि आजोबा टीव्ही उभ्याने बघतात.

चौथे ‘अल्फा’. हे यूट्यूबवर शिकलेले असतात. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, तसं आपणही कुत्र्याला दाबलं पाहिजे, अशी यांची श्रद्धा. म्हणून ते ५० किलोच्या जनावराला चारीमुंड्या चीत करायला जातात. हा सिद्धांत बराचसा रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, कोंडवाड्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावर उभा होता. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने तो जगभर गेला, आणि मोकळ्या रानातले कळप बघून खुद्द मेक यांनीच १९९९ साली दुरुस्ती केली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. तेव्हा अल्फा व्हायचंच असेल तर बाप व्हा. म्हणजे वेळेवर जेवण, वेळेवर फिरणं, आणि पोराने दंगा केला की आधी स्वतः गप्प बसणं. दाढी वाढवायची गरज नाही.

तपासणीतून निभावलात, तर खरेदी. इथे ‘हेवी बोन’, ‘इम्पोर्टेड लाईन’, ‘चॅम्पियन ब्लडलाईन’ असे शब्द कानावर येतील. मान डोलवा आणि पिल्लाची आई बघायला मागा. आई गावाला गेली आहे, आजारी आहे किंवा मोबाईलमध्ये आहे असं कळलं, तर तुम्हीही गावाला निघून जा. डोळे उघडून आठवडा होत नाही तोच पिल्लू गळ्यात मारणारे महाभाग आहेत. आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत राहायला हवं. किती जोराने चावलं की दुसरा केकाटतो, हे तिथेच शिकायला मिळतं, ट्यूशनला नाही.

आता ज्यांना हमखास भयंकर कुत्रा हवा आहे त्यांच्यासाठी सोपी कृती. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. या काळात त्याला गच्चीवर बांधून ठेवा. माणसं, मुलं, काठीवाले म्हातारे, हेल्मेटवाले, कुकरची शिट्टी, रिक्षा, काहीही त्याच्या नजरेस आणि कानावर पडू देऊ नका. ‘अजून लसी पूर्ण व्हायच्यात’ हे कारण तयार ठेवा. कडेवर घेऊन बाहेर नेता येतं हे डॉक्टर सांगतील, तिकडे दुर्लक्ष करा. जोडीला घरात एकवाक्यता नको. तुम्ही ‘सिट’ म्हणा, आई ‘बस रे बाळा’ म्हणू दे, वॉचमन ‘बैठ’, मुलगा नुसतंच बोट दाखवू दे. साखळी मात्र आखूड आणि कायमची. निकाल दीड वर्षात हाती येतो. नंतर आलेल्या तक्रारींचा विचार केला जाणार नाही.

कायद्याचं थोडं. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची यादी दिली होती: यांची आयात, पैदास, विक्री बंद करा. यादीत रॉटवायलर होताच. शिवाय ‘तोसा इनू’ एकदा आणि ‘जपानी तोसा’ पुन्हा एकदा, म्हणजे एकच कुत्रा दोनदा धोकादायक ठरला. आणि एका ठिकाणी नुसतं ‘टेरियर’. त्यात पर्समधून लग्नाला येणारं तीन किलोचं यॉर्कशायर टेरियरही सापडलं. पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयात हे पत्रक टिकलं नाही. सोसायटीलाही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसं कळवलेलं आहे. हे सगळं मालक मंडळींना तोंडपाठ असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मात्र कोणालाच आठवत नाही. जनावराला आवरण्यात हयगय केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद कुत्र्याला नसते.

जर्मन लोक तर याच्या पुढचे. रॉटवाइलच्या शेजारच्या बव्हेरिया प्रांतात रॉटवायलर जन्मतःच संशयित. तज्ज्ञाने स्वभाव तपासून दाखला दिला की मगच निर्दोष. आणि उत्तरेकडच्या लोअर सॅक्सनीत २०१३ पासून, कोणत्याही जातीचा का असेना, नव्याने कुत्रा घेणाऱ्या माणसाचीच परीक्षा होते. थिअरी कुत्रा आणण्याआधी, प्रात्यक्षिक पहिल्या वर्षात. ही पद्धत आपल्याकडे आणायला हरकत नाही, फक्त आरटीओबाहेर बसतात तसे एजंट इथेही बसतील आणि कुत्र्याचं तोंड न बघता तुम्हाला पास करून देतील. तरी घरच्या घरी सरावासाठी काही प्रश्न: मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतोय, सिग्नल लाल आहे, तुम्ही काय करता? मुलाला गणितात कमी मार्क मिळाले; पहिलं वाक्य कोणतं? वेटरने दोनदा चुकीची भाजी आणली. बायको पाहुण्यांसमोर म्हणाली, ‘यांना काही कळत नाही.’ उत्तरं लिहून शेजाऱ्याकडून तपासून घ्यावीत. घरचे लोक मार्क वाढवतात.

आता या मार्गदर्शनाचा गाभा, म्हणजे ते वाक्य. ‘काही करत नाही तो!’ प्रत्येक मालक ते उच्चारतो, पण योग्य वेळ फार थोड्यांना साधते. प्रसंग असा. सकाळचे सव्वासहा. लिफ्टचं दार चौथ्या मजल्यावर उघडतं. बाहेर देशपांडे काकू, एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात फुलांची परडी. आत सुलतान. लाळेची एक तार त्याच्या ओठापासून लिफ्टच्या फरशीपर्यंत लोंबतेय आणि तुटता तुटत नाहीय. काकू श्वास आत घेतात. सुलतान परडी हुंगायला एक पाऊल टाकतो. मालक मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, ‘या ना काकू, काही करत नाही तो.’ काकू जिन्याने जातात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, जिन्याने.

इथे सुलतानची काही चूक नाही, हे नोंदवून ठेवतो. योग्य वर्तन असं: दार उघडताच आपणच कुत्र्याला घेऊन कोपऱ्यात सरकावं, त्याला खाली बसवावं, स्वतः मध्ये उभं राहावं आणि म्हणावं, ‘काकू, तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो.’ गर्दीच्या जागी जाळीचं मुसकं घालावं. बैलाला मुसकं घातलं म्हणून कधी कोणी बैलाचा अपमान झाला म्हणत नाही. इथे मात्र मालकाचं नाक कापलं जातं. जाळीतून कुत्रा मजेत धापा टाकतो, पाणी पितो. लहानपणापासून खाऊ देत सवय लावली तर स्वतःहून तोंड पुढे करतो. त्याला प्रतिष्ठा वगैरे काही नसते.

रोजच्या संसाराबद्दल फार बोलत नाही. काळी कातडी, आपला एप्रिल आणि कुत्र्याला थंड व्हायला मुख्यतः जिभेचाच आधार. तेव्हा फिरणं उजाडायच्या आत, नाहीतर रात्री. खुब्याचा सांधा या जातीत कच्चा निघू शकतो, म्हणून पिल्लाला जिने चढवून ‘स्टॅमिना’ वाढवू नये. आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षं; गृहकर्ज त्याच्यापेक्षा जास्त जगतं. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला सुतळी बॉम्ब वाजला की हा दरारा पलंगाखाली शिरू बघतो. पुढचा अर्धा मावतो, मागचा बाहेर राहतो. त्या वेळी दारावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी असू द्यावी, आत कोणाला बोलावू नये.

शेवटी एक धोका आधीच सांगून ठेवायला हवा. समजा तुम्ही सगळं नीट केलंत. राग गिळलात, पट्टा सैल धरलात, पिल्लाला कडेवर घेऊन भाजी मंडई दाखवलीत, घरात एकच शब्द ठरवलात. तर दोन वर्षांनी तुमच्या दारात एक मोठं, संथ, विचारी जनावर पडलेलं असेल. कुरियरवाला आला की मान उचलून बघेल आणि पुन्हा ठेवेल. सोसायटीतली पोरं त्याला ‘भोलू’ म्हणतील. देशपांडे काकू लिफ्टमध्ये त्याच्या डोक्यावर हात ठेवून हळदीकुंकवाचं आमंत्रण देतील. चेअरमन तर त्याच्यासाठी खिशात बिस्कीट ठेवू लागेल. म्हणजे ज्यासाठी एवढा खर्च केला, ते राहिलंच. अशा वेळी ट्रेनरला फोन करून ‘जरा डेंजर करून द्या ना’ म्हणणारे मालक आहेत. आणि तसं करून देणारेही आहेत. फी तीन महिन्यांची, आगाऊ.