बाटली न बघता व्हिस्की ओळखण्याचे प्राथमिक धडे

आधी परवाना. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे आपण जो काही घोट घेतो तो परवानाधारक म्हणून घेतो. एका दिवसाच्या परवान्याला विदेशी मद्यासाठी 5 रुपये, देशीसाठी 2. वय 25 पूर्ण हवं. आपल्याच उसाच्या मळीतून निघालेल्या दारूला सरकार 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' म्हणतं, हे वाचून हसू आलं तर ते आत्ताच हसून घ्या. पुढे काम गंभीर आहे.

मग माणसं. पाच पुरेत. त्यात नुकताच स्कॉटलंडला जाऊन आलेला कुणी नसावा, आणि असलाच तर त्याला फोटो दाखवायचे असतील ते आधी दाखवून होऊ द्यावेत. 'मला नाही कळलं' असं म्हणू शकणारा निदान एक माणूस मात्र लागतोच. पुण्यात, एरंडवण्यात, आम्हाला तो शोधायला तीन आठवडे लागले. शेवटी मिळाला तो नागपूरचा निघाला.

बाटल्या चार किंवा पाच. घरात आहेत त्यांतल्या घ्या: मुलीने विमानतळावरून आणलेली, मेहुण्याने दिलेली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली एक क्वार्टर, म्हणजे 180 मिली. प्रत्येकाला प्रत्येकीतली 15 मिली. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण उत्तम, फक्त ते उकळून घ्या. नाहीतर पाचही व्हिस्क्यांना आल्या-तुळशीचा 'फिनिश' येतो. 15 मिली म्हणजे अर्धा स्मॉल. हे ऐकून एखाददुसरा उठून जाईल. जाऊ द्या, तो बसायला आला होता.

चकणा नाही. मला कल्पना आहे, पण नाही. चिवडा, मसाला पापड, कांदा घातलेले शेंगदाणे यांनी जीभ एकदा व्यापली की तिला काहीही पाजा, ती म्हणेल 'तिखट आहे'. साधा पाव आणि पाणी चालेल. उदबत्ती नको, अत्तर नको. शेजाऱ्यांकडे फोडणी किती वाजता पडते याचा अंदाज घेऊन वेळ ठरवा. पहिल्या वेळी आम्ही साडेसातला बसलो आणि सर्वानुमते पहिल्या पेल्यात सुकट निघाली.

आता भांडी. पुस्तकं सांगतात की ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता काचेचा ग्लास हवा. स्कॉटलंडचा ग्लेनकेर्न ग्लास 2001 पासून त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण पुण्यातल्या कुठल्याही घरात एकसारखे ग्लास पाचच असतात, कारण सहावा 1994 साली फुटलेला असतो. आणि पाच माणसांना पाच नमुने म्हणजे पंचवीस भांडी. शिवाय काचेतून रंग दिसतो, आणि रंग फसवतो. स्कॉचमध्येही रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने मुभा आहे, म्हणजे गडद ती जुनी हा हिशेब तिथेच मोडला. आम्ही म्हणून स्टीलचे पेले घेतले. ज्यांच्या घरी बसलो त्या नाना आणि वहिनींच्या लग्नात आलेले, नावं घातलेले, प्रत्येक नातेवाइकाकडून अर्धा डझन. गरम पाण्याने नुसते विसळायचे, साबण नको, आणि वर ताटल्या झाकायच्या म्हणजे वास आत राहतो.

पेल्यांवरच्या नावांचाही एक फायदा. नमुन्यांना 1, 2, 3 किंवा अ, ब, क असे क्रमांक दिले की लोक पहिल्यालाच पहिला नंबर देऊन मोकळे होतात. म्हणून प्रयोगशाळेत 417, 862 असे अर्थहीन तीन आकडी क्रमांक देतात. आमच्याकडे आयती सोय होती: 'मामांकडून सप्रेम', 'आत्याबाईंकडून', 'बँकेतील स्टाफ', 'शेजारी', 'दादा-वहिनी'. कुठल्या पेल्यात काय हे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. आणि ओतणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही. त्याचा चेहरा बोलतो. वहिनींची उभी नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलेली. त्यांनी ओतलं, यादी पदराला खोचली आणि त्या आत जाऊन निवडायची मेथी घेऊन बसल्या.

वास घेताना नाक पेल्यात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून वरूनच हुंगा, नाहीतर पहिल्याच झटक्यात अल्कोहोल नाक बधिर करतं. पहिला घोट जिभेची ओळख करून देण्यापुरता. मत दुसऱ्यावर द्या. मग थोडं पाणी. पाणी घालणं म्हणजे पाप, असं छातीठोक सांगणारे भेटतील. त्यांना सांगा की ब्लेंडर मंडळी रोजच्या कामात व्हिस्की 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. 2017 साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की धुरकट वासाचा ग्वायाकोल नावाचा रेणू पृष्ठभागाजवळ सरकतो. बर्फ मात्र वास मारतो.

आता वासाला शब्द. इथे नवशिके हटकून मार खातात. इंग्रजी पुस्तकातलं 'ख्रिसमस केक' आणि 'हेदर' लिहून मोकळे होतात, आणि हेदर म्हणजे काय ते कुणालाच माहीत नसतं. आपल्या घरात कपाटं भरून वास पडले आहेत, ते वापरा. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजून दबलेल्या वनस्पतींच्या, धुरावर बार्ली वाळवली की येतो तो बंब पेटवल्याचा वास. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची एखादी असेल तर वर शाळेत गुडघा फुटल्यावर लावलेलं टिंक्चर आयोडिन. ओकच्या पिंपातून एक रसायन उतरतं, त्याला नारळाचा वास असतो: ओल्या नारळाची वडी असं सरळ लिहा. आंबवताना जे एस्टर तयार होतात त्यांतला एक पिकलेल्या केळ्याचा, म्हणून शिकरण. काकवीचा वास आला तर मळीचा संशय घ्या. सोलापूर रस्त्याने साखर कारखान्यावरून गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. युरोपात मात्र मळीच्या दारूला व्हिस्की म्हणू देत नाहीत; तिथे धान्यच लागतं.

आपल्याला खरंच फरक कळतो का, हे तपासायचं असेल तर तीन पेले ठेवा, दोन एकसारखे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. नुसत्या नशिबाने तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून एकदा जिंकल्यावर मिशीला पीळ देऊ नका. आमच्यातले निवृत्त स्टॅटिस्टिक्सचे सर इथे हमखास संख्याशास्त्रज्ञ फिशरची गोष्ट काढतात. म्युरिएल ब्रिस्टल या बाई म्हणत, कपात आधी दूध घातलं की चहा, ते मला चवीवरून कळतं. फिशरने आठ कप मांडले, चार असे, चार तसे. आठही नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. 1935 च्या त्याच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. सर गोष्ट संपवेपर्यंत ताटल्यांखालचा वास उडून जातो, एवढाच तिचा तोटा.

नाव झाकण्याची ताकद पाहायची तर बेंगळुरूच्या अमृतकडे बघा. जगदाळे हे मालकांचं आडनाव कळल्यावर आपल्याकडचा प्रत्येक जण 'आपलेच ते' म्हणतो. त्यांनी 2004 साली आपली सिंगल माल्ट आधी भारतात नाही, थेट ग्लासगोत आणली. भारतीय म्हणून सांगून दिली असती तर कुणी हुंगलीही नसती. न सांगता दिली तेव्हा स्कॉच समजून लोक पीत होते. आपल्या उन्हात पिंपातली व्हिस्की लवकर मुरते, आणि उडतेही तशीच: स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के, बेंगळुरूत दहाच्या आसपास.

गुण दहापैकी. लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, घसा खाकरायचा नाही, 'हं' म्हणायचं नाही. नानांचं 'हं' तीन वेगवेगळ्या अर्थांचं असतं आणि तिन्ही अर्थ सगळ्यांना कळतात. आमचे कागद गोळा झाले. नानांनी 'मामां'ना दिले होते 8: 'भारदस्त, सावकाश उलगडते, शेवटी जायफळ.' 'आत्याबाईं'ना 3: 'घशाला चावते, नंतर कडवट, हेतू शुद्ध वाटत नाही.' इथे नोंद करायला हवी की सासवडच्या जमिनीवरून नाना 22 वर्षं आत्यांशी बोलत नाहीत, आणि मामांनी त्यांना पहिला फ्रीज घेऊन दिला होता. नागपूरच्या पाहुण्याने दोन्हींपुढे लिहिलं होतं: 'फरक कळला नाही.'

वहिनी मेथीचे हात पुसत बाहेर आल्या आणि पदराची यादी काढून त्यांनी चष्मा लावला.

"अहो, मामा आणि आत्या एकच होत्या. दोन्हींत ती क्वार्टर. मुद्दाम घातली होती."

खोलीत शांतता. सर सत्तरात एक असं काहीतरी पुटपुटले. नानांनी 'आत्याबाईंकडून' लिहिलेला पेला उचलला, तळाशी राहिलेला थेंब हुंगला, पुन्हा हुंगला आणि पेला खाली ठेवला.

"असेल," ते म्हणाले, "पण ही तळाची आहे."