श्री. मागच्यावेळे

सहलीला निघालेल्या चाळीस जणांपैकी एकोणचाळीस जण पहिल्यांदा चाललेले असतात आणि एक जण दुसऱ्यांदा. सहल त्या एकोणचाळिसांची आहे असा टूर कंपनीचा समज असतो. सहल असते ती त्या चाळिसाव्याची. बाकीचे त्याच्याकडे पाहुणे म्हणून आलेले असतात. या गृहस्थांचं आडनाव जोशी, शिंदे, पाटील काहीही असो, मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभे असतानाच ते बदलतं. "मागच्या वेळी काउंटर त्या बाजूला होतं," हे पहिलं वाक्य पडलं की ते श्री. मागच्यावेळे होतात आणि घरी पोचेपर्यंत तेच राहतात.

आमच्या वाट्याला आलेले मागच्यावेळे सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीची कडक घडी असलेली बर्म्युडा, तिच्याखाली पांढरे मोजे, मोज्यांवर सँडल आणि कमरेला पट्ट्याचं पाकीट. त्या पाकिटात मागच्या वेळच्या हॉटेलचं कार्ड, मागच्या वेळचा नकाशा आणि मागच्या वेळी खर्च न झालेली वीस बाटची एक नोट होती. फुकेतला पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ती नोट नारळपाणीवालीला दिली. नोटेवर राजे भूमिबोल होते. ते 2016 मध्ये गेले आणि पुढे नोटांवर त्यांचे चिरंजीव आले, हे आमच्या टूर मॅनेजर पोराने सांगितलं. "असं? कधी झालं हे?" मागच्यावेळ्यांनी विचारलं. शाखेत आपल्या सहीशिवाय मोठं कर्ज मंजूर झाल्याचं रजेवरून आल्यावर कळावं, तसा तो सूर होता.

बाट तेव्हा दोन रुपयांच्याही खाली होता. आमच्या सहलीच्या वेळी तो अडीचच्या आसपास होता. हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. नारळपाणी पिताना सांगितलं, मसाजच्या दुकानाबाहेर सांगितलं, लिफ्टमध्ये एका रशियन जोडप्यालाही इंग्रजीत सांगितलं.

पण खरे मागच्यावेळे बघायला मिळाले ते फी फी बेटांच्या दिवशी. कार्यक्रमपत्रिकेत 'लक्झरी यॉट' असं छापलेलं असल्यामुळे बायकांनी आदल्या रात्री बाजारातून रुंद काठाच्या टोप्या घेतल्या होत्या आणि पुरुषांनी काळे चष्मे. धक्क्यावर उभं होतं ते एक कॅटमरान. दोन बाजूंना दोन लांब होड्या, त्यांना जोडणारा मजला, वर छप्पर आणि मागे दोन दांडगी इंजिनं. शीड नव्हतं.

"शीड कुठंय?" नवविवाहितांपैकी एकाने विचारलं. त्याला शिडाखाली फोटो काढायचा होता.

"मागच्या वेळी होतं. पांढरं. हे एवढं!"

"अहो, ती दुसरी बोट," वहिनी म्हणाल्या. "ती सूर्यास्त दाखवायला नेतात ती."

वहिनींच्या या कामाची थोडी ओळख करून द्यायला हवी. मागच्यावेळ्यांच्या आठवणींना तळटिपा जोडण्याचं काम त्यांच्याकडे असतं. आवाज चढत नाही, चेहरा बदलत नाही. बटवा उघडून सुपारी काढावी तितक्या सहज त्या दुरुस्ती काढतात आणि बटवा बंद करतात.

बोटीवर चढताना चपला काढून टोपलीत टाकायच्या होत्या. हे आमच्या ग्रुपला मुळीच रुचलं नाही. परत देताना नंबर बघून देणार का, याची चौकशी झाली. दोघींनी आपल्या चपला पिशवीत घालून बरोबरच घेतल्या. शेजारी एक लांब शेपटीची लाकडी होडी बांधली होती. तिच्या नाकाला रंगीत फिती आणि फुलांच्या माळा होत्या. होडीची देवता माए या नांग तिथं राहते, तिच्यासाठी हे वाहतात, असं गाइडबाईने सांगितल्यावर सगळ्या बायकांनी होडीला हात जोडले. मागच्यावेळ्यांनीही जोडले. मागच्या वेळी ते या फितींना सजावट समजले होते, असं वहिनींकडून नंतर कळलं.

गाइडबाईला हिंदीतले तीन शब्द येत होते: 'चलो', 'जल्दी' आणि 'खतम'. उरलेलं काम ती इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत भागवी. तिने पहिली घोषणा केली ती सनस्क्रीनची. प्रवाळांना बाधक ठरणारी चार रसायनं ज्यात आहेत असं सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून चालत नाही; दंड एक लाख बाटपर्यंत. चाळीस डोक्यांत एकाच क्षणी अडीचचा पाढा सुरू झाला. मग चष्मे निघाले. ट्यूबच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं लोक उन्हात धरून वाचू लागले, "तुमच्यात ऑक्सिबेन्झोन आहे का हो?" अशी एकमेकांची विचारपूस सुरू झाली.

"मागच्या वेळी असलं काही नव्हतं," मागच्यावेळे म्हणाले. "कितीही लावा, कुठंही लावा."

या वाक्यात किती मोठी गोष्ट दडली आहे हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

फुकेतहून फी फी पंचेचाळीसेक किलोमीटर. बंदराच्या आडोशाबाहेर पडताच बोटीने पहिली उडी घेतली. मागच्या वेळी म्हणे समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. "डिसेंबर होता तो," वहिनींची तळटीप. आम्ही गेलो होतो मे महिन्यात, कारण मराठी माणसाचा समुद्रप्रवासाचा हंगाम वारा ठरवत नाही, शाळा ठरवते. हा अंदमानचाच समुद्र. केरळात उतरण्याआधी नैर्ऋत्य मोसमी वारा इथं येतो आणि मे ते ऑक्टोबर या किनाऱ्याला चांगलं घुसळून काढतो. नोव्हेंबर ते एप्रिल इथला सुखाचा काळ आणि म्हणूनच महाग. स्वस्त पॅकेज आणि मोठ्या लाटा एकाच महिन्यात का येतात, हे कार्यक्रमपत्रिकेत लिहीत नाहीत.

वाटेत समुद्रातून उभा उठलेला चुनखडीचा कुठलाही सुळका दिसला की मागच्यावेळे बोट दाखवत. "जेम्स बाँड!" तिसऱ्या जेम्स बाँडनंतर गाइडबाई हसून म्हणाली, "नो सर, जेम्स बाँड देअर." तिचा हात उत्तरेकडे, फांग न्गाच्या उपसागराकडे गेला. 1974 च्या बाँडपटात चमकलेला को तापू हा सुळका तिकडे आहे आणि त्याची सहल वेगळी असते. "मग त्यांनी हलवला असेल," मागच्यावेळे माझ्या कानात म्हणाले. विनोद करण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे हा विनोद होता की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग माया बे. लिओनार्डो डिकाप्रिओच्या 2000 सालच्या 'द बीच' या चित्रपटाने ही चंद्रकोरीसारखी वाळू जगभर पोचवली. चित्रीकरणासाठी तिथं वाळू हलवली, नारळाची झाडं लावली आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. मागच्यावेळ्यांनी हीरोची ओळख 'टायटॅनिकमध्ये बुडतो तो' अशी करून दिली. लाटांवर आपटणाऱ्या बोटीत ती ऐकायला कुणाला बरं वाटलं नाही.

बोट मात्र त्या वाळूकडे गेलीच नाही. बेटाला वळसा घालून ती मागच्या बाजूच्या धक्क्याला लागली. तिथून लाकडी पायवाटेने, झाडीतून, रांगेत चालत पुढे जायचं.

"हे चूक आहे," मागच्यावेळे टूर मॅनेजरला म्हणाले. "आम्ही थेट वाळूवर उतरलो होतो. बोटीचं नाक वाळूत. सतरा बोटी होत्या, मी मोजल्या होत्या."

ते पोर बिचारं गाइडबाईकडे बघू लागलं. तिने हातातला झेंडा खाली केला आणि सावकाश समजावलं. पूर्वी दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं यायची. बोटींनी आणि नांगरांनी प्रवाळ मोडले. जून 2018 मध्ये सरकारने माया बे बंद केलं, ते जानेवारी 2022 मध्ये उघडलं. आता बोटीला आत प्रवेश नाही आणि पोहणं बंद. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनाऱ्याला सुट्टी. प्रवाळांची रोपं लावली. काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क परत आले.

सगळे मान डोलावत होते. मागच्यावेळे विचारात पडले होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही आलो म्हणून बंद केलं?"

"नॉट ओन्ली यू, सर," गाइडबाई नम्रपणे म्हणाली.

पाच हजारांतला एक प्रत्यक्ष आमच्यासमोर उभा होता. तोवर त्याच्या आठवणींना कंटाळलेली मंडळी आता त्याच्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहू लागली. एका मुलाने त्याचा फोटोही काढला. किनाऱ्यावर ते पाण्यात थोडे पुढे सरकले, तेव्हा रक्षकाची शिट्टी वाजली. घोट्यापर्यंत ठीक, गुडघ्याच्या पुढे नाही. ते चार पावलं मागे आले आणि पांढरे मोजे पिळू लागले. "मागच्या वेळी शिट्टी नव्हती," हे वाक्य त्या दिवशी प्रथमच त्यांनी कुणालाही उद्देशून म्हटलं नाही.

पुढचं ठिकाण पिले. तिन्ही बाजूंनी सरळ उभे कडे, मध्ये हिरवं पाणी, आत शिरायला एक अरुंद तोंड. इथं पोहता येतं. जॅकेटं वाटली गेली. नवविवाहित उडी मारताना तीन वेळा फोटो काढून चौथ्यांदा खरोखर पडले. मागच्यावेळे शिडीपाशी उभे होते. वहिनी केव्हाच पाण्यात होत्या. साडीतल्या वहिनी जॅकेट घालून इतक्या निवांत तरंगतील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

"या की," त्या म्हणाल्या.

"बॅगा?"

"राहू द्या बॅगा."

त्यांनी कमरेचं पाकीट सोडलं, घडी घातली, बॅगेत ठेवलं. बॅगेवर वहिनींची नवी टोपी ठेवली. बॅगेकडे एकदा वळून पाहिलं आणि शिडीची एकेक पायरी दोनदा तपासत ते उतरले. पाण्यात पडल्यावर थोडी धडपड झाली. मग जॅकेटने त्यांना उताणं केलं आणि ते कड्यांकडे बघत राहिले. मी जवळून जाताना, अगदी सवयीने, विचारलं, "मागच्या वेळी कसं होतं हो इथं?"

"काय माहीत," ते म्हणाले. "मागच्या वेळी उतरलोच नाही. सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसलो होतो."

माझ्या ऐकण्यातली त्यांची ही एकमेव आठवण, जिला तळटीप आली नाही.

व्हायकिंग केव्ह बोटीतूनच पाहिली. तिच्या भिंतींवर जुन्या गलबतांची चित्रं आहेत आणि आत पाकोळ्यांची घरटी. बांबूच्या उंच परांच्या बांधून लोक ती काढतात. त्यांचं सूप होतं आणि ते फार महाग असतं. घरटं पाकोळीच्या लाळेचं असतं हे कळल्यावर आमच्यातल्या तिघींनी दुपारच्या जेवणात सूप घ्यायचं नाही असं ठरवून टाकलं. सूप टोमॅटोचं निघालं, तरी निश्चय ढळला नाही. माकडांच्या किनाऱ्यावर, "मागच्या वेळी माकडं गरीब होती," इतकंच ऐकायला मिळालं, कारण पुढच्याच क्षणी त्यांच्या हातातलं केळं गेलं. जेवणाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भात होता.

परतीचा प्रवास दुपारी. वारा वाढला होता. पुढच्या उघड्या डेकवर जागा धरण्यासाठी सगळ्यांची धांदल उडाली, तेव्हा मागच्यावेळे ओरडले, "पुढं बसू नका! मागं या, मधोमध!" दिवसभराच्या अनुभवावरून कुणी लक्ष दिलं नाही. पंधरा मिनिटांत पुढची मंडळी नखशिखान्त भिजली आणि निम्म्यांचे चेहरे कच्च्या कैरीच्या रंगाचे झाले. पुढे बोट सर्वांत जास्त उचलते, मागे मधोमध सर्वांत कमी. हे ज्ञान थायलंडचं नव्हतं. त्यांचं लहानपण अलिबागकडे गेलं होतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये त्यांनी ते मिळवलं होतं.

त्या तासाभरात मी त्यांचं वेगळंच रूप पाहिलं. एकेकाला दंड धरून त्यांनी मागे आणलं. "फोन बघू नको राजा, लांब बघ, आभाळ टेकतं तिथं बघ." बॅगेतून आलेपाकाच्या वड्या निघाल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या, नीट घडी घातलेल्या, रबर लावलेल्या. नवरदेवाची पाठ त्यांनी चोळली आणि नववधूला म्हणाले, "घाबरू नकोस, यानं कुणी मरत नाही, फक्त मरावंसं वाटतं." रशियन जोडपं योगायोगाने याच बोटीवर होतं, त्यांनाही आलेपाक मिळाला. बाटचा भाव त्यांनी आधीच ऐकलेला होता.

रात्री अकराला हॉटेलवर माझा फोन वाजला. मागच्यावेळ्यांच्या सोसायटीतलं एक कुटुंब डिसेंबरात फुकेतला जाणार आहे, त्यांच्यासाठी सूचना होत्या. आम्हा सगळ्यांनाही माहिती असावी म्हणून आमच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. फी फीला समुद्र भयंकर असतो, मागे मधोमध बसणे. सनस्क्रीन चष्मा लावून विकत घेणे. माया बेला पोहू देत नाहीत, शार्कची सोय आधी बघतात, ते बरोबर आहे. माकडांना केळं दाखवू नये. पिलेला अवश्य उतरणे. बॅगा बोटीवर खुशाल ठेवाव्यात, मागच्या वेळी आम्ही ठेवल्या होत्या, काहीही जात नाही.

त्याखाली दोन मिनिटांनी वहिनींचा मेसेज आला : "माझी टोपी?"