मिडल-अर्थचा तलाठी

फ्लेक्स आला आणि आमगावातल्या पाट्या रंगवणाऱ्यांचे कुंचले वाळले. कोणी फ्लेक्सचंच दुकान टाकलं, कोणी धानाच्या दलालीत शिरलं. आमचे पेंटरभाऊ टोल्किनच्या जगात शिरले. त्याला कारण झाला भाचा. त्यानं पुण्याहून ॲलन ली यांचं 2005 सालचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज स्केचबुक’ आणून दिलं. लोक अशी पुस्तकं चाळतात. भाऊंनी ते तपासायला घेतलं.

ली यांच्या पेन्सिलीबद्दल तक्रार नाही. झाडांच्या पिळदार मुळ्या आल्या की भाऊ “वा जी वा!” म्हणत पान डोळ्यांशी नेतात. पण नजर मुळ्यांवरून जमिनीवर उतरली, की अंगात तलाठी संचारतो. “रिव्हेंडेलात एवढं पाणी, मंग बोडी काहून नाही? बांध्या कुठं गेल्या? हे एल्फ खातात काय?” भाच्यानं सांगितलं, लेम्बास नावाची भाकर खातात. “मंग पेरलं कुठं?”

मामा, हे काल्पनिक आहे, असं म्हणायची सोय नाही. “काल्पनिक म्हणून रोवणी चुकते का?”

गंमत अशी, की भाऊ निम्मे खरे निघाले. गोंडोरच्या मिनास तिरिथ या सात तटांच्या नगरासमोरच्या पेलेन्नोर मैदानावर टोल्किननं शेतं, फळबागा, कोठारं, गोठे असं सगळं लिहून ठेवलंय. पीटर जॅक्सनच्या तिसऱ्या ‘रिंग्ज’ सिनेमात तिथं नुसता माळ. त्याच सिनेमाच्या कलादिग्दर्शनासाठी ली यांना 2004 साली ऑस्कर मिळालं. भाच्यानं कादंबरीतलं ते पान वाचून दाखवलं, तेव्हा भाऊंनी मांडीवर थाप मारली. “ऑस्करवाल्यानं सातबारा पाह्यलाच नाही!”

तेव्हापासून दुरुस्त्या चालू आहेत. स्केचवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, ली यांचे डोंगर जसेच्या तसे उतरवायचे आणि पायथ्याशी बोडी, बांध्या, धानाचे पुंजणे भरायचे. एका ओढ्यावर म्हैसही बसलीय. वहिनी म्हणतात, घरचा पोपडा निघालेला दरवाजाही त्याच जगात नेऊन रंगवा.

परवा बऱ्याच दिवसांनी एका राइस मिलची पाटी मिळाली. भाऊंनी मालकाचं नाव कोपऱ्यात सारलं आणि मधोमध सात तटांचं नगर उभं केलं, पुंजण्यांसकट.

मालकानं विचारलं, “हा किल्ला कुठला जी?”

“गोंडोर.”

“गोंदियात किल्ला कुठं आहे?”

भाऊंनी आधी पैसे मोजून खिशात घातले. “एमआयडीसीच्या मागं.”